मदत हवी आहे: थंडीतल्या संध्याकाळी तुकड्यातुकड्यांनी वाचता येतील अशी पुस्तकं सुचवा

नमस्कार मंडळी,

घरात दोन लहान मुलं आहेत आणि मी नोकरी करते. थंडीत अंधार लवकर पडतो, मुलंही लवकर पेंगतात आणि सगळं आवरून पांघरुणात शिरल्यावर बहुतेक वेळा अर्धा-पाऊण तास माझ्या वाट्याला येतो. त्या वेळात वाचायला पुस्तकं हवी आहेत.

ओळखीत विचारलं तर 'हलकंफुलकं काहीतरी वाच' म्हणतात, नाहीतर पालकत्वावरची पुस्तकं सुचवतात. दिवसभर मुलांचंच चाललेलं असताना रात्री पुन्हा त्यांच्या हट्टांवर प्रकरणं वाचायची माझी अजिबात इच्छा नाही. आणि शरीर दमलं तरी डोकं चालूच असतं हो! उलट तेव्हाच काहीतरी भरीव, जीव गुंतेल असं वाचावंसं वाटतं. खरी अडचण खंड पडण्याची आहे. अर्धं पान होतं न होतं तोच आतून हाक येते आणि मग कधीकधी आठवडाभर पुस्तक हाती लागत नाही. तीन पिढ्यांची मोठी कादंबरी अशा वेळी हातातून सुटतेच. परत उघडली की हा कोणाचा दीर आणि ही कोणाची सून, हे शोधण्यातच वेळ संपतो.

आतापर्यंत जे जमलं ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' (1956) माझ्यासाठी फारच सोयीचं ठरलं. बारा महिन्यांचे बारा ललितलेख, त्यामुळे कुठूनही उघडता येतं. मी क्रम सोडून आधी पौष आणि माघ वाचले. दुर्गाबाई पानांचे आणि फुलांचे रंग इतक्या बारकाईने टिपतात की दोन परिच्छेद झाले तरी वाचन झाल्याचं समाधान मिळतं. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथाही अशाच. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' अशी चार पुस्तकं आहेत. प्रत्येक कथा स्वतंत्र, पण मुलगा तोच, आजी-आजोबा तेच, त्यामुळे मधे कितीही दिवस गेले तरी ओळख नव्याने करून घ्यावी लागत नाही. मला हवी ती रचना नेमकी हीच. इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' सध्या हातात आहे. तिथे गांधारी, कुंती, द्रौपदी आधीपासून माहीत असल्यामुळे खंड पडला तरी बिघडत नाही. विचार मात्र दुसऱ्या दिवशी कामं करतानाही डोक्यात चालू राहतो, आणि मला ते फार आवडतं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पूर्वी वाचलं होतं, आता पुन्हा काढणार आहे. एकेक प्रसंग छोटा आणि बाईंचं बोलणं इतकं थेट की कुठल्याही पानावरून सूर लागतो.

या जुन्या आणि सर्वांना माहीत असलेल्या पुस्तकांपलीकडचं मला फारसं ठाऊक नाही, तिथे तुमची मदत हवी आहे. 2000 नंतर लिहू लागलेल्या लेखिकांचे कथासंग्रह कोणते घ्यावेत? पत्रं किंवा रोजनिशी या स्वरूपातलं काही? दीडशे पानांच्या आतल्या कादंबऱ्या, मराठीत आलेले चांगले अनुवादसुद्धा चालतील. आई म्हणजे फक्त त्याग, असं रंगवलेलं रडकं पुस्तक मात्र कृपया नको. दुःख असलं तरी चालेल, पण बाई माणूस म्हणून दिसली पाहिजे.

अजून एक, आकाराचाही विचार करा. धाकटं बऱ्याचदा एका हातावर झोपलेलं असतं आणि थंडीत दुसरा हात पांघरुणाबाहेर फार वेळ ठेववत नाही. जाडजूड ग्रंथ तसा धरता येत नाही. अक्षर जरा मोठं असेल तर उत्तम, कारण दिवा मंदच ठेवावा लागतो. बोलती पुस्तकं करून पाहिली, पण कानात आवाज असला की मुलं उठल्याचं कळत नाही, म्हणून छापील किंवा ई-पुस्तकच हवं.

लांबलचक यादी नको, एकच नाव दिलंत तरी चालेल. पण ते तुकड्यांनी वाचलं तर टिकतं का आणि एका बैठकीत साधारण किती वाचून थांबता येतं, एवढं जरूर लिहा. मुलं लहान असताना स्वतः वाचलेलं पुस्तक असेल तर त्याबद्दल आधी सांगा.