न नेलेला शर्ट : कॉलरवरच्या खुणेचा अर्थ काय?

रानजाई
मी इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात लॅव्हनम गावी राहते. शेजारच्या आजी १९४४ साली सहा वर्षांच्या होत्या. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि गावाबाहेरच्या विमानतळावर अमेरिकन हवाई सैनिक होते. आजींची आई त्यांचे कपडे धुऊन द्यायची. ते कपड्यांबरोबर साबणाची वडीही पाठवायचे. इथे साबण रेशनवर, त्यामुळे उरलेला तुकडा म्हणजे घरची चैन. सकाळी जाणारी विमानं पोरं मोजायची आणि संध्याकाळी परतणारी पुन्हा मोजायची.

एक शर्ट न्यायला कुणी आलंच नाही. आईने इस्त्री करून ठेवलेला तो शर्ट आजींनी काल मला दाखवला. कॉलरच्या आत शाईने एक अक्षर आणि चार आकडे आहेत. ही कसली खूण? आजींना त्या मुलाचं नाव हवंय, आणि मला ते त्यांच्या हयातीत शोधून द्यायचंय.

जुनीपानं
ती धोब्याची खूण. आडनावाचं पहिलं अक्षर आणि सैनिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक. लॅव्हनमला अमेरिकन हवाई दलाचा ४८७वा बॉम्बर गट होता, त्याच्या नावांच्या यादीशी ताडून बघा. डक्सफर्डच्या अमेरिकन एअर म्युझियमची माहिती ऑनलाइन आहे. केंब्रिजजवळ मॅडिंग्लीला अमेरिकन सैनिकांची दफनभूमी आहे, तिथल्या स्मारक-भिंतीवर बेपत्ता झालेल्या ५,१२७ जणांची नावं आहेत. पण शर्ट राहिला म्हणजे मुलगा गेलाच असं नाही हो. कैद झाला असेल, बदली झाली असेल. आजींना आधीच काही सांगू नका.

प्रेस्टनकर
आजींना काळ्या सैनिकांबद्दलही विचारा, ते फार कमी लिहिलं गेलंय. आमच्या प्रेस्टनजवळच्या बॅम्बर ब्रिज गावात १९४३ मध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांनी पबमध्ये वर्णभेद पाळायला सांगितलं, तर पबवाल्यांनी ‘फक्त काळ्या सैनिकांसाठी’ अशा पाट्या लावल्या! त्याच वर्षी जूनमध्ये तिथे काळ्या सैनिकांची अमेरिकन लष्करी पोलिसांशी चकमक झाली आणि विल्यम क्रॉसलँड हा काळा सैनिक गोळी लागून मेला.

रानजाई
दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच जाऊन आले. शेवटचा आकडा १ आहे की ७, ते कळत नाही, शाई विटलीये. आजी म्हणाल्या, उद्या सकाळी खिडकीपाशी भिंग घेऊन बसू. दोन्ही आकडे धरून यादी बघते.