मदत हवी आहे: झॅमॅडला एन्ट्रा आयडी (मायक्रोसॉफ्टची लॉगिन सेवा) जोडलं, पण एजंट 'कस्टमर' म्हणून आत जातात

महापे_सपोर्ट:
नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसी आणि वागळे इस्टेट मिळून ४५ एजंट, हेल्पडेस्क झॅमॅडवर, सर्व्हर महापेतच. एनजिनएक्स (वेब सर्व्हर) झॅमॅडच्या पुढे आहे; वागळेवाले त्याच्याही पुढच्या लोड बॅलन्सरमार्गे (ट्रॅफिक वाटून देणारा) येतात. सॅमल २.० ने (एका जागच्या लॉगिनवर दुसऱ्या ॲपमध्ये जाऊ देणारी पद्धत) एन्ट्रा जोडलं. मायक्रोसॉफ्टचं पान येतं, पासवर्ड घेतं, परत पाठवतं. पण एजंटाला कस्टमरचा स्क्रीन दिसतो, त्याची तिकिटं दिसत नाहीत आणि युजर यादीत त्याच नावाची दुसरी नोंद तयार होते. शिवाय वागळेतून 'सीएसआरएफ टोकन व्हेरिफिकेशन फेल्ड' (विनंती आपल्याच साइटवरून आली का ही तपासणी फसली) येतं, महापेतून नाही. यूपीएन (एन्ट्रातली लॉगिनची नावं) ऑनमायक्रोसॉफ्टवाले आहेत, मेल कंपनीच्या डोमेनवर. पासवर्ड लॉगिन बंद करून टाकू का?

घोडबंदर_रूट:
पासवर्ड लॉगिनला इतक्यात हात लावू नका. दुसरी नोंद होतेय कारण झॅमॅडला ओळखीचा ईमेल मिळतच नाही. एन्ट्रा नेम-आयडीत (सॅमलमधली युजरची ओळख) मुळात यूपीएन पाठवतं आणि ईमेलच्या क्लेमला (युजरबद्दल पाठवलेली माहिती) लांबलचक नेमस्पेस (नावाआधीचा पत्ता) लावतं. झॅमॅड शोधतं नुसतं 'ईमेल' किंवा 'मेल'. जुळणी झाली नाही की नवा माणूस समजून कस्टमरचा रोल देऊन मोकळं.

एन्ट्रात ॲट्रिब्यूट्स अँड क्लेम्समध्ये जा. नेम-आयडीचा सोर्स यूजर-डॉट-मेल, फॉरमॅट ईमेल ॲड्रेस. मग 'ईमेल' नावाचा क्लेम, सोर्स तोच, नेमस्पेसचा रकाना कोरा. ज्यांचा मेल रकानाच रिकामा आहे ते यातही अडकतील, तेवढे आधी भरून घ्या. झॅमॅडमध्ये नेम आयडेंटिफायर फॉरमॅट तोच ठेवा आणि सिक्युरिटी, थर्ड-पार्टी ॲप्लिकेशन्समध्ये 'ऑटोमॅटिक अकाउंट लिंक ऑन इनिशियल लॉगॉन' चालू करा. ते बंद राहिलं तर आता दुसरी नोंद होणार नाही, पण 'ईमेल आधीच वापरात आहे' म्हणून दारातूनच परत पाठवेल.

जास्तीच्या नोंदी उडवायची घाई नको! डेटा प्रायव्हसीतून युजर डिलीट केला की तो ज्या तिकिटांचा कस्टमर आहे ती तिकिटंही जातात. आधी त्या तिकिटांचा कस्टमर बदला.

पामबीच:
सीएसआरएफचं वेगळं प्रकरण. वागळेतून पासवर्डने लॉगिन करून पाहा, तीच एरर यायला हवी. म्हणजे सॅमलचा काही संबंध नाही. लोड बॅलन्सर एसएसएल (एन्क्रिप्शन) तिथेच उतरवून पुढे साधं एचटीटीपी पाठवत असणार, आणि एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हेडरला 'डॉलर-स्कीम' (म्हणजे एनजिनएक्सकडे जे आलं तेच, इथे एचटीटीपी) आहे. झॅमॅडला वाटतं साइट एचटीटीपीवर आहे, ब्राउझर सांगतो एचटीटीपीएस. तिथे थेट 'एचटीटीपीएस' लिहा, हेडर जितक्या लोकेशन ब्लॉकमध्ये असेल तितक्या सगळीकडे, टेस्ट करून रीलोड.

सिस्टम, बेसमधला एचटीटीपी टाइपही पाहून घ्या. तो बदलला तर कॉलबॅकचा (लॉगिननंतर परत यायचा) पत्ता बदलतो. मग /ऑथ/सॅमल/मेटाडेटा वरची फाइल एन्ट्रात पुन्हा चढवा, नाहीतर एएडीएसटीएस५००११ (परतीचा पत्ता जुळत नाही) ही एरर.

महापे_सपोर्ट:
दोन्ही लागू पडलं, आभार. आता वागळेच्या नाइट शिफ्टला एएडीएसटीएस५०१०५ (या युजरला ॲप दिलेलं नाही) ही एरर. ते 'सपोर्ट-ठाणे' ग्रुपमध्ये आहेत, तो ग्रुप 'सपोर्ट-सर्व' मध्ये आहे, आणि ॲपला 'सपोर्ट-सर्व' दिलेला आहे.

घोडबंदर_रूट:
ग्रुपातला ग्रुप ॲप असाइनमेंटमध्ये चालत नाही, फक्त थेट सभासद धरले जातात. 'सपोर्ट-ठाणे' वेगळा असाइन करा. ग्रुप असाइन होतोय म्हणजे एन्ट्राचं पी१ लायसन्स आहेच. आणि पासवर्ड लॉगिन बंद कराल त्याआधी झॅमॅडमधून मेल बाहेर जातोय का तपासा. बंद केल्यावर ॲडमिनला आत यायची लिंक ईमेलवरच येते.