सपाट डेकचं कौतुक पुरे झालं

उंडगा: काल इथे एका गृहस्थांनी कयाकच्या डेकबद्दल, म्हणजे त्या चिंचोळ्या वल्हवायच्या होडीच्या वरच्या झाकणाबद्दल, ठोकून दिलंय, "घरी प्लायची कयाक बांधताय ना, मग डेक सरळ सपाट पॅनलचा करा. बाकदार डेक म्हणजे नुसती शोभा." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग! अहो, ४ मिमी प्लायला ताठपणा येतो तोच मुळी बाकामुळे. सपाट तुकड्यावर गुडघा टेकवून बघा, पापडासारखा लवतो. बाकावर पाणी साचत नाही. शिवाय पाऊल उभं राहायला आत जवळजवळ फूटभर उंची लागते. ती मिळवायला बाजू उंच केल्यात तर होडी वारा धरणार. बाक दिला की नेमकी मधोमध मिळते. मागचा डेक मात्र खुशाल सपाट आणि खाली ठेवा, रोल मारताना, म्हणजे उलटलेली होडी आत बसूनच सरळ करताना, पाठ टेकता येते.

सुतारपक्षी: ते गृहस्थ मीच. सपाट म्हणजे पाट नव्हे हो! पिग्मी या अमेरिकन किट कंपनीच्या जुन्या कयाक बघा. तीन-चार पॅनल तारेने शिवलेले, घडीच्या रेघेनेच डेक ताठ. बाकदार करायचा तर शिअर क्लॅम्पला (बाजूच्या वरच्या काठाला आतून लावलेल्या पट्टीला) रंधा मारून कोन द्या, तो कोन टोकाकडे जाताना बदलत जातो. मग खालून इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा डिंक) लावून ती ओली असतानाच शीट वाकवा, पट्टे आवळा, खिळे ठोका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एकट्याने. वॉचमन मदतीला येतो का तुमच्याकडे?

उंडगा: आणि तुमच्या घडीच्या डेकला आतून काचकापडाची टेप कोण लावतं? टोकापाशी हात पोचत नाही. बांबूला ब्रश बांधायचा, कपाळावर टॉर्च, कोपरापर्यंत चिकट. क्लॅम्प असला की ही भानगडच नाही. हे बरं गाळलंत.

सुतारपक्षी: होडी कुशीवर टाकून आज एक बाजू, उद्या दुसरी. घाई असलेल्यांनी प्लास्टिकची विकत घ्यावी.

खाडीकर: बाक की घडी ते नंतर बघू. आधी इथल्या दुकानातला ४ मिमी 'मरीन' (पाण्यात टिकणारा म्हणून विकतात तो) प्लाय वाकवून दाखवा. वरचा पापुद्रा कागदाएवढा, सगळी जाडी मधल्या थरात आणि त्यातही फटी. माझ्या डेकला कोमिंगच्या (बसायच्या भोकाभोवतीच्या कडेच्या) वीतभर पुढे 'कट्' झालं. शिक्का आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा! दुकानदार वर म्हणतो, साहेब, किचन ट्रॉलीत कोणी प्लाय वाकवत नाही.

सिॲटलकर: म्हणूनच ओकूमे या आफ्रिकन लाकडाचा प्लाय वापरावा. हलका, छान वाकतो.

खाडीकर: आले! इथे एक शीट मागवायची तर भाड्यातच दुसरी होडी होते, साहेब.

चुंबळ: शिक्क्याचं काय घेऊन बसलात, काका. तुकडा कापून आणा आणि उकळा. ७१० ची उकळचाचणी ७२ तासांची असते, पण बोगस माल कुकरच्या पहिल्या काही शिट्ट्यांतच फुलतो. (घरातला वरणाचा कुकर घेऊ नये. वास जात नाही, आणि सासूबाईंचा रागही.)

सुतारपक्षी: ताई, कुकरने गोंद कळतो, पोकळी नाही. शीटवर नाणं वाजवत जायचं, आवाज बसका आला की तिथे खूण करायची.

चुंबळ: पूर्ण शीट वाजवू देणारा दुकानदार मिळाला तर पत्ता द्या.

सिॲटलकर: वजनाचं कोणीच बोलत नाहीये. तुमचा गर्जन लाकडाचा प्लाय ओकूमेच्या जवळपास दीडपट जड. डेकवर वजन चढवलंत की होडी डुलणारच.

खाडीकर: तुम्ही खांद्यावरून नेता, आम्ही दोघं मिळून उचलतो. पुढे?

मालवणी माणूस: माका एक सांगा, मे महिन्यात बंद डेकखाली शिजूक कोण बसतलो? बिनडेकची, वर बसायची कयाक करा नि सुटा.

उंडगा: पहिली लाट मांडीवर आली की डेक आठवतो. तारकर्लीला उधाणात किनाऱ्यावरून सुटून बघा.

मालवणी माणूस: माझो जन्म थंयचोच, माका शिकवू नको.

चुंबळ: उन्हाचा मुद्दा मात्र खरा आहे. लाकूड दिसावं म्हणून नुसतं वॉर्निश मारून होडी उन्हात टाकतात. घरगुती हवेत सेट झालेली इपॉक्सी साधारण ५०-६० अंशांना मऊ पडू लागते, आणि गडद डेक मे महिन्यात तिथवर सहज जातो. डेक पांढरा रंगवा. बल्कहेडला (आतल्या आडव्या भिंतीला) सुईएवढं भोक ठेवा, नाहीतर आतली हवा फुगून हॅचचं, म्हणजे सामानाच्या कप्प्याचं, झाकण उचलते.

सुतारपक्षी: पांढरा? मग फायबरचीच का नाही घेत? महिनाभर पॉलिशपेपर मारला तो काय रंगाखाली गाडायला?

उंडगा: म्हणजे शोभा तुम्हालाही हवीच आहे. बरं झालं बोललात.

सुतारपक्षी: पुढचा डेक बाकदार असलेला बरा, हे पावलांपुरतं मान्य. ताकदीपुरतं अजिबात नाही. आणि टेप मी बांबूनेच लावणार.

खाडीकर: भांडून झालं असेल तर बघा, कोणाकडे ४ मिमीची अर्धी शीट उरलीय का? फटी नसलेली. पुढचा डेक उचकटलाय, पावसाआधी बसवायचाय. नाणं घेऊन येतो.