शब्दचर्चा : ‘मगरीचा पूर्वज’ चालेल का?

प्राणहिताकाठ
सिरोंचा तालुक्यातल्या शाळेत शिकवते. शाळेच्या भिंतीवर पुरातन प्राणी रंगवणं चाललंय. त्यात पॅरासुकस हिस्लोपी हा मगरीसारखा दिसणारा प्राणी हवाच, कारण त्याचे जीवाश्म आपल्या नदीपलीकडे, तेलंगणातल्या मलेरीच्या खडकांत सापडले. सुमारे २२-२३ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी. १८८५ साली लायडेकर या जीवाश्मतज्ज्ञाने त्याला नाव दिलं ते नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच. पेंटरदादांनी चित्राखाली ‘मगरीचा पूर्वज’ लिहायला घेतलं. टीव्हीवर तसंच सांगतात म्हणे. मी थांबवलं, कारण आजच्या मगरी याच्यापासून झालेल्या नाहीत. पण ‘मगरीचा नातेवाईक’ फारच मिळमिळीत वाटतं. योग्य शब्द कोणता?

वऱ्हाडी माणूस
भाऊबंद लिहा ना ताई. सोयरा लिहू नका, सोयरीक लग्नानं जुळते. भाऊबंद म्हणजे मूळ पुरुष एकच, मंग वाटण्या झाल्या, धुरे वेगळे झाले. कोणी कोणाचा बाप नाई. तुम्हाले हेच तं सांगायचं हाये.

पदर
मी विज्ञानाची भाषांतरं करते. ‘मगरवंशीय’ किंवा ‘मगरसदृश’ लिहा. भाऊबंद म्हटलं की वाचणाऱ्याला भाऊबंदकी आठवते, कोर्टकचेरी आठवते. शाळेच्या भिंतीवर परिभाषा नेमकी हवी.

वऱ्हाडी माणूस
‘सदृश’ म्हणजे फक्त दिसायले सारखा. नातं कुठी आलं त्याच्यात? आणि वंशीय म्हटलं का पोरगं म्हणते, मगरीच्या वंशातला, म्हणजे मगरीपासून झालेला. नेमकेपणा भाऊबंदातच हाये.

खडकवाचक
दोघांनाही एक अडचण सांगतो. पॅरासुकस हा फायटोसॉर, म्हणजे मगरीसारख्या दिसणाऱ्या, आता नामशेष झालेल्या सरीसृपांच्या गटातला. पूर्वी फायटोसॉर मगरींच्याच फांदीवर धरायचे. २०११ साली जीवाश्मतज्ज्ञ स्टर्लिंग नेस्बिट यांनी त्यांना मगरी आणि पक्षी यांच्या वाटा फुटण्याच्याही आधी वेगळ्या झालेल्या फांदीवर ठेवलं. ते मान्य केलं तर हा प्राणी मगरीचा जितका भाऊबंद, तितकाच कोंबडीचा. वाद अजून आहे. म्हणून मी ‘मगरीसारखा दिसणारा पुरातन सरीसृप’ एवढंच लिहीन. ‘सदृश’ला माझं मत.

शब्दापेक्षा चित्र आधी तपासा. मगरीच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाला असतात, फायटोसॉरच्या मागे, डोळ्यांच्या जरा पुढे, कवटीच्या उंचवट्यावर. बहुतेक चित्रकार मगरीचा फोटो समोर ठेवून काढतात आणि नेमकं तिथेच फसतं.

प्राणहिताकाठ
आज भिंतीपाशी जाऊन पाहिलं. टोकालाच काढल्यात. जबडा सरळ, लांब, दात बाहेर, सगळं सुरेख जमलंय, नाक तेवढं मगरीचं. दादा उद्या बदलतो म्हणाले. पण खाली काय लिहू?

झाडीची लेक
मगर कशाला जी? आमची आजी कधी मगर म्हणत नव्हती. वैनगंगेच्या डोहात राहते ती सुसर. ताडोब्याच्या तळ्यात पाहायला लोक जातात ती मगर, कारण तिथं तसा बोर्ड आहे! ‘सुसरीचा भाऊबंद’ लिहा, म्हाताऱ्या लोकांनाही समजेल.

पदर
सुसर म्हणजे लांब तोंडाची, घडियाल. मगर वेगळी. दोन्ही शब्द एकाच प्राण्याला लावले तर गोंधळ होईल.

झाडीची लेक
तो फरक पुस्तकातला. आमच्या नदीत लांब तोंडाची कोणी पाहिली नाही, तरी शब्द सुसरच आहे.

मूळशोधक
सुसर हा संस्कृत शिशुमारावरून आला. त्याच शब्दापासून हिंदीत सूंस, म्हणजे गंगेतली डॉल्फिन. तेव्हा एकाच शब्दाने दोन जलचर पोसलेत, ताईंच्या आजीबाईंची काही चूक नाही. मला तर वाटतं, पॅरासुकस आणि सार्कोसुकस, डायनोसुकस या मगरीच्या जातकुळीतल्या पुरातन प्राण्यांच्या नावांतला ‘सुकस’ आणि आपली सुसर एकाच मुळाची असावीत.

खडकवाचक
नाही हो. ‘सुकस’ ग्रीकमधून आला, आणि ग्रीकांनी तो इजिप्तच्या मगरदेवाच्या, सोबेकच्या नावावरून घेतला. शिशुमाराशी संबंध नाही.

मूळशोधक
दोन्हीत ‘स’कार आहे, दोन्ही नदीचे प्राणी. मी इतक्यात सोडणार नाही.

धामणगावकर
आमचे पोट्टे मगरही म्हणत नाहीत न् सुसरही. मगरमच्छ म्हणतात. हिंदी डबिंगमध्ये सार्कोसुकसला ‘महाकाय मगरमच्छ’ म्हणतात, तेच डोक्यात बसलं. आणि प्रत्येक चित्रात तो पाण्यातून उसळून डायनासोरची मान धरतो. २००१ साली त्याची लांबी ११-१२ मीटर सांगितली, नंतरच्या अंदाजांत ती साडेनऊच्या आसपास आली, पण पोस्टरवरचा आकडा कोणी उतरवत नाही.

पदर
मगरमच्छ सरळसरळ हिंदी आहे. निदान शाळेत तरी ते रोखायला हवं.

धामणगावकर
मगर मकरावरून, मच्छ मत्स्यावरून. दोन्ही तुकडे मराठीत चालतात, जोडले का हिंदी होतात? विदर्भात काही बोललं की पुण्याहून ‘हे हिंदी’ असा शिक्का येतो. आम्ही हे घरात बोलतो, बाजारात बोलतो. ते मराठीच आहे.

पदर
शिक्का मारत नाहीये. पण मगर हा शब्द हातात असताना ‘मच्छ’ जोडून त्याला मासा का करायचं? मुलांना पुढे सरीसृप शिकवताना तेच आडवं येईल.

वऱ्हाडी माणूस
देवमासा तरी कुठी मासा हाये? ते चालते ना पुस्तकात.

प्राणहिताकाठ
दादांना सध्या नुसतं ‘पॅरासुकस’ लिहायला सांगितलंय, खाली एक ओळ मोकळी ठेवली आहे. आता मुलींनी नवाच प्रश्न काढला : पॅरासुकस तो, ती की ते? मगर ती, सुसर ती. मग ‘तो पॅरासुकस मासे खायचा’ असं का लिहायचं?

मूळशोधक
डायनासोर तो, म्हणून हाही तो.

झाडीची लेक
आमच्याकडे नर असला तरी ‘ती सुसर’च म्हणतात. ‘ती पॅरासुकस’ लिहा.

पदर
परक्या नावाला ‘ते’ लावावं, सजीव असलं तरी.

धामणगावकर
‘ते’ लावलं तर पोट्ट्यांना तो दगडच वाटेल. ‘तो’ ठेवा.