मदत हवी आहे : ईएमडीआर थेरपी (मानसिक धक्क्यावरची, डोळ्यांच्या हालचालींची उपचारपद्धत) कोणी घेतलीये का? (दादर ते ठाणे)

माझ्या धाकट्या भावाने गेल्या पावसाळ्यात कुर्ल्याजवळ दारातला माणूस लोकलमधून पडताना बघितला, अगदी हातभर अंतरावर, आणि तेव्हापासून हा ट्रेनमध्ये चढलाच नाहीये, भांडुपवरून बीकेसीला दोन बस बदलून जातो. घरात कुकरची शिट्टी झाली तरी दचकतो, हात बर्फासारखे गार. डॉक्टरांनी पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार) सांगितलं, गोळ्यांनी झोप लागते पण अंगातली ती धडधड जात नाही. काउन्सेलिंगला दोनदा नेलं, तिथे सगळं परत सविस्तर सांगायला लावलं तर घरी येऊन दोन दिवस जेवला नाही.

मग वाचलं की ईएमडीआरमध्ये प्रसंग मनात धरून थेरपिस्टच्या बोटामागे डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे, फार तपशिलात बोलावं लागत नाही. १९८७ मध्ये फ्रान्सिन शपिरो यांनी सुरू केलेली, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी सुचवलेली, म्हणजे जादूटोणा नाही (आईला तसंच वाटतंय). सोमॅटिक एक्सपिरियन्सिंगही ऐकलं, शरीरातल्या संवेदनांकडे लक्ष देत करतात ते, पण त्यामागे पुरावा कमी दिसतो.

कोणी घेतलीये का? किती सेशन लागली, फी किती, आणि थेरपिस्टचं ट्रेनिंग खरं आहे हे कसं तपासायचं? ऑनलाइन चालतं का, कारण ट्रेनने येणं होणार नाही त्याच्याच्याने.