ट्राइबचा शेवटचा अल्बम गल्लाभरू? छे!

'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या अमेरिकन हिप-हॉप ग्रुपचा २०१६चा अल्बम म्हणजे जुन्या पुण्याईवर भरलेला गल्ला, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही बुवा. तुम्ही त्यांच्याच १९९१च्या 'द लो एंड थिअरी' अल्बमशी तुलना केलीत, तर तिथूनच बघू. तिथे सगळा तोल जॅझचा. मोजके ड्रम्स, खाली घुमणारा बास (एका गाण्यात तर खुद्द जॅझचा बासवादक रॉन कार्टर!) आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. २०१६मध्ये ग्रुपचा रॅपर आणि निर्माता क्यू-टिपने ती जागाच बुजवून टाकली आहे. 'वी द पीपल' गाण्यात ब्लॅक सबाथ या रॉक बँडच्या गाण्यातला तुकडा, 'सॉलिड वॉल ऑफ साउंड'मध्ये गायक एल्टन जॉन, कुठे रॉकवाल्या जॅक व्हाइटची गिटार. पहिल्यांदा ऐकताना मला गोंगाटच वाटला होता, खोटं कशाला बोलू.

पण हेडफोन लावून शब्दांकडे लक्ष द्या. एकाची ओळ दुसरा तोडतो, तिसरा पूर्ण करतो. पाहुण्यांनीही न्यू जर्सीतल्या आपल्या घरच्या स्टुडिओत येऊनच रेकॉर्ड करायचं, असा क्यू-टिपचा हट्ट होता. फाइल पाठवून मोकळं व्हायचं नाही. म्हणून ती मैफल जमलेली ऐकू येते. ग्रुपचा जुना सदस्य जरोबीसुद्धा परतलाय आणि चक्क जोरात आहे.

ग्रुपचा दुसरा रॅपर फाइफ मात्र काम चालू असतानाच, मार्च २०१६मध्ये गेला. त्याच्या आठवणीतलं 'लॉस्ट समबडी' ऐकलंत का? नसेल तर आधी ते ऐका, मग गल्ल्याचं बोलू.