ऑनलाइन मार्केटिंगचा व्यवसाय: काम वाढले, पण हाती काही उरत नाही

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. नाशिकमध्ये गेली तीन वर्षे मी छोट्या व्यावसायिकांसाठी ऑनलाइन मार्केटिंगचे काम करतो आहे. नोकरी सोडली तेव्हा दोन ग्राहक होते, आज अकरा आहेत: दोन दंतवैद्य, एक कोचिंग क्लास, एक फर्निचरचे दुकान, एक सहली नेणारे गृहस्थ आणि बाकी किरकोळ विक्रेते. डिझाइन करणारी एक मुलगी आणि मजकूर लिहिणारा एक मुलगा पगारावर आहेत. प्रत्येक ग्राहकाकडून महिना आठ ते पंधरा हजार रुपये शुल्क मिळते. फेसबुक आणि गूगलवरच्या जाहिरातींचा खर्च मी माझ्या क्रेडिट कार्डावरून करतो आणि महिनाअखेर शुल्कासह बिल पाठवतो.

मार्चअखेर हिशेब मांडला, तेव्हा दोन्ही पगार, जागेचे भाडे आणि कार्डाचे व्याज वजा जाता माझ्या वाट्याला जुन्या नोकरीच्या पगाराएवढेही पैसे उरले नव्हते. भरीस भर म्हणून, क्लासच्या संचालकांनी काम थांबवतो म्हणून कळवले. मी त्यांना एका महिन्यात १४० चौकश्या मिळवून दिल्या होत्या, आणि त्यांचे म्हणणे असे की त्यातून सहा प्रवेशसुद्धा झाले नाहीत.

शुल्क वाढवावे, विक्रीवर टक्केवारी घ्यावी, की निम्मे ग्राहक सोडून द्यावेत? ज्यांनी हा व्यवसाय काही वर्षे टिकवला आहे, त्यांनी स्वतःच्या अनुभवातून सांगावे, ही विनंती.

जुनी पेठ

पुण्यात हा व्यवसाय मी अकरा वर्षे करते आहे. तुमच्या त्या १४० चौकश्यांपासून सुरुवात करते, कारण माझा पहिला मोठा ग्राहक मी अशाच गोष्टीवरून गमावता गमावता राहिले.

तोही क्लासच होता. दहावीच्या निकालाच्या आठवड्यात आम्ही जोरात जाहिराती चालवल्या, चौकश्या भरपूर आल्या आणि तरीही प्रवेश होईनात. संचालकांशी वाद घालण्याऐवजी मी एक पूर्ण दिवस त्यांच्या कार्यालयातल्या बाकावर बसून काढला. जाहिरातीच्या फॉर्मवर भरलेली नावे ज्या ईमेलवर जात होती, तो ईमेल उघडणारा मुलगा दोन आठवड्यांपूर्वीच नोकरी सोडून गेला होता. फोनवर येणाऱ्या चौकश्या समोरच्या बाई पावतीपुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर टिपून घेत होत्या, आणि पुस्तक संपले की ते पुठ्ठ्यासकट कपाटात जात होते. संध्याकाळी त्या पुठ्ठ्यावरचे सव्वीस नंबर मी वहीत उतरवले आणि तिथेच बसून फोन लावले. नऊ जणांनी दुसरीकडे प्रवेश घेऊन टाकला होता. चार जण दुसऱ्या दिवशी पालकांना घेऊन येऊन गेले.

तेव्हापासून नव्या ग्राहकाच्या पहिल्या महिन्यात मी एक रुपयाचीही जाहिरात चालवत नाही. फोन कोण उचलतो, व्हॉट्सॲपला किती वेळात उत्तर जाते, भाव विचारणाऱ्याला पुन्हा फोन कोण करतो, एवढेच पाहते, लिहून देते आणि त्याचे वेगळे शुल्क घेते. ज्या मालकाला यासाठी वेळ नसतो, त्याचे काम मी घेत नाही. असा माणूस सहा महिन्यांनी आपल्यालाच दोष देऊन जातो.

दुसरी गोष्ट शुल्काची नसून तासांची आहे. तुमची डिझाइनर महिनाभर काय करते, ते एकदा तिच्याकडून लिहून घ्या. माझ्याकडे ते लिहून घेतले, तेव्हा तिचा जवळजवळ अर्धा महिना गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, वटपौर्णिमा, आषाढी आणि अमुक साहेबांचा वाढदिवस अशा शुभेच्छांच्या चित्रांत जात असल्याचे दिसले. मालकाचे चिरंजीव लोगो थोडा मोठा करायला सांगतात, काका तो पुन्हा लहान करायला सांगतात, आणि या शुभेच्छा पाहून कोणी दुकानात आल्याचे मला तरी आठवत नाही. आता करारात वर्षाला आठ सण आणि प्रत्येकी एकच दुरुस्ती असे लिहिलेले असते. दोन ग्राहक रुसले, पण मुलगी सातला घरी जाऊ लागली.

चोपडीवाला

मी हिशेब तपासणारा माणूस आहे आणि माझ्याकडे अशा पाच-सहा छोट्या संस्थांची खाती आहेत. तुमच्या प्रश्नातले सर्वांत घातक वाक्य कार्डाचे आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात.

समजा, एका ग्राहकाच्या जाहिरातींवर महिना १ लाख रुपये खर्च होतात आणि तुमचे शुल्क १५ हजार आहे. जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे तुमच्या कार्डावरून १ लाख १८ हजार रुपये जातात. तुम्ही ग्राहकाला १ लाख १५ हजारांचे बिल देता, त्यावर तुमचा जीएसटी वेगळा, आणि पैसे हाती येतात चाळीस दिवसांनी. तोपर्यंतचे व्याज तुमच्या माथी. त्यातच ग्राहकाच्या कारकुनाने व्यावसायिक सेवा समजून संपूर्ण १ लाख १५ हजारांवर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घ्यायचा आयकर, कापला, तर ११,५०० रुपये अडकतात. तुमची खरी कमाई १५ हजार. त्यातले साडेअकरा हजार पुढच्या वर्षी विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत तुम्हाला दिसणार नाहीत.

अजून एक हिशेब पाहा. असे फक्त दोन ग्राहक असले, तर वर्षाची उलाढाल २७ लाख ६० हजार होते. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात २० लाखांवर जीएसटी नोंदणी करावी लागते, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार कमावणारा माणूस केवळ दुसऱ्याचे पैसे स्वतःच्या वहीतून फिरवल्यामुळे त्या मर्यादेच्या पलीकडे जातो. नोंदणी असली आणि जाहिरात खात्याच्या बिलिंगमध्ये तुमचा जीएसटी क्रमांक भरलेला नसला, तर त्या १८ हजारांचे क्रेडिटही, म्हणजे भरलेला कर स्वतःच्या जीएसटीतून वजा करण्याची सवलतही, मिळत नाही. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की नवीन फाइल आली की आधी तेच पान उघडतो.

उपाय साधा आहे. जाहिरात खाते ग्राहकाच्या नावाने, कार्ड ग्राहकाचे, जीएसटी क्रमांक ग्राहकाचा, आणि तुमचे बिल केवळ शुल्काचे.

वसुलीसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आजच करून घ्या. ती विनामूल्य आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असे या उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. १ एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय ग्राहकाला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. कोणावर खटला भरायला मी सांगत नाही. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापला, तर समोरचा लेखापालच मालकाला आठवण करून देतो.

काठपदर

चोपडीवाल्यांनी खाते ग्राहकाच्या नावाने असावे असे पैशांच्या बाजूने सांगितले. मी दुसऱ्या बाजूने सांगते. येवल्याच्या पैठणी विक्रेत्यांची कामे मी करते, आणि सुरुवातीला सगळ्यांची जाहिरात खाती मी माझ्याच व्यवसाय खात्याखाली उघडली होती, कारण ते सोयीचे होते आणि, खरे सांगायचे तर, ग्राहक सोडून जाऊ नये असा हेतूही त्यात होता. एका ग्राहकाच्या जाहिरातीवर कसलातरी आक्षेप आला आणि माझे संपूर्ण खाते गोठले. ज्यांचा त्या जाहिरातीशी काडीचा संबंध नव्हता, अशा चार दुकानांच्या जाहिराती ऐन लग्नसराईत अकरा दिवस बंद राहिल्या. आता खाते त्यांचे, मला केवळ काम करण्याची परवानगी, आणि संबंध संपला की तेच ती काढून घेऊ शकतात. गंमत म्हणजे त्यानंतर सोडून जाणाऱ्यांची संख्या वाढली नाही.

याच संदर्भात ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र सांगते. घटस्थापना तीन दिवसांवर होती, नवरात्राच्या नऊ रंगांच्या साड्यांचे फोटो सगळीकडे गेले होते, आणि रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम बंद पडले. एका दुकानदारांनी मला साधा फोन करून विचारले, "ताई, गिऱ्हाइकांची नावे आपल्याकडे दुसरीकडे कुठे आहेत का?" नव्हती. सात वर्षांची गिऱ्हाइके त्या एका ॲपच्या गप्पांत होती आणि कागदावर एकही नंबर नव्हता. सेवा काही तासांनी सुरू झाली, पण दसरा उरकल्यावर आम्ही बिलपुस्तके घेऊन बसलो आणि नाव, गाव, नंबर, कोणती साडी घेतली, आणि पुढची माहिती पाठवलेली चालेल का, याची यादी तयार केली. पुढच्या वर्षी पहिली विक्री त्या यादीतून झाली, जाहिरातीतून नाही.

सड्यावरचा

टक्केवारीबद्दल मी बोलतो, कारण ती चूक मी मन लावून केलेली आहे.

देवगडच्या एका बागायतदाराशी मी विक्रीवर आठ टक्के ठरवले. कागदावर तो सौदा सुंदर होता. पण हापूसचा हंगाम मार्चअखेर ते मेअखेर एवढाच, मोहोर थंडीवर अवलंबून, आणि त्या वर्षी अवकाळी पावसाने फळ गळाले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मागणी माझ्या अंदाजाच्या दुप्पट होती आणि पाठवायला पेट्या नव्हत्या. मी माझे काम चोख केले होते. आठ टक्के मात्र शून्यातून निघत नाहीत. त्याआधीच्या वर्षी उलटे झाले होते: माल होता, पण पैसे घरपोच घेण्याची सोय ठेवल्यामुळे मुंबईहून पेट्या परत येत होत्या, आणि आठ दिवस प्रवास करून परत आलेला आंबा कोणाच्याच कामाचा नसतो. विक्री मोजायची कशी, यावर आमचे वाजले. आता पैसे आधी यूपीआयने घेतो आणि परत येण्याचा प्रश्नच मिटला.

शिवाय विक्रीचे श्रेय कोणाचे, हे सिद्ध करणे दिवसेंदिवस अवघड झाले आहे. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर जाहिरातींसाठी वापरकर्त्याचा माग ठेवायला त्याची परवानगी सक्तीची केली, तेव्हापासून जाहिरातीच्या पडद्यावरचे आकडे आणि गल्ल्यातले आकडे जुळेनासे झाले. आपल्याकडे तर माणूस जाहिरात इन्स्टाग्रामवर पाहतो, बायकोला दाखवतो, आणि ती फोन करून दोन पेट्या मागवते. हे कोणत्या रकान्यात मांडणार? त्यामुळे माझे मत असे की ठरावीक शुल्क घ्यावे, ते आधी घ्यावे, आणि टक्केवारी घेतलीच तर ती त्या शुल्काच्या वर, हंगाम चांगला गेला तर मिळणारी बक्षिशी म्हणून घ्यावी. जुनी पेठ यांना पहिल्या महिन्याचे वेगळे शुल्क मिळते, ते पुण्यात. आमच्याकडे मालक "आधी गिऱ्हाईक दाखवा" म्हणतो, हेही नमूद करतो.

आणखी एक. एका व्यापाऱ्याने बाहेरून आणलेला आंबा "अस्सल देवगड" म्हणून लिहायला सांगितले. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि ते कोकणातल्या रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांपुरते आहे. शिवाय दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची जून २०२२ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे जाहिरात संस्थेलाही लागू होतात. मी काम सोडले. तुमच्याकडे क्लास आणि दंतवैद्य दोन्ही आहेत, म्हणून सांगतो: यशस्वी विद्यार्थ्यांची नावे आणि फोटो निकालानंतर त्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय वापरू नयेत, असे नोव्हेंबर २०२४ पासून क्लासांना बंधन आहे, आणि दंतवैद्यांच्या जाहिरातींवर त्यांच्या परिषदेच्या आचारसंहितेच्या मर्यादा आहेत. ग्राहकाला हे ठाऊक नसते. तो तुम्ही लिहाल ते छापतो.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस हिशेब करत बसलो होतो. कार्डावरून चाललेला जाहिरात खर्च सहा ग्राहकांचा आहे. त्यातल्या चौघांना मी काल फोन केला आणि तिघांनी स्वतःचे कार्ड जोडायला लगेच होकार दिला. इतकी वर्षे मी विचारलेच नव्हते. क्लासच्या संचालकांना फुकट एक दिवस बसू द्या म्हटले आहे, सोमवारी जातो. सहलीवाल्या गृहस्थांना मात्र स्वतःचे कार्ड द्यायचे नाही. ते म्हणतात, पैसे आधी रोख देतो, पण खाते तुमच्याच नावाने चालवा. त्यांचे काय करावे?

चोपडीवाला

रोख घेऊ नका. रक्कम बँकेतून आगाऊ घ्या आणि ती जमा झाल्याशिवाय जाहिरात सुरू करू नका. पण आगाऊ घेतली तरी ती तुमच्या उलाढालीत येतेच, म्हणून तीन महिन्यांची मुदत द्या आणि त्यानंतर खाते त्यांच्या नावे करा. ऐकले नाही, तर कोणता ग्राहक सोडायचा, हा तुमचा मूळ प्रश्नही सुटेल.